सुनंदाबाईंचा वाचनाचा तास

सुनंदाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेतली खिचडी चाखून बघत होतो. मुख्याध्यापकाचं ते कामच. खोटं कशाला सांगू, रडू नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं... माझी एक गोष्ट त्यांना आता कधीच कळणार नव्हती.

भूम तालुक्यातली आमची छोटी शाळा. ग्रंथालय म्हणजे एक खोली अन् कुलूपबंद कपाट. पुस्तकं फाटतील म्हणून किल्ली माझ्या खिशात. बाई पहिली-दुसरीला शिकवायला आल्या अन् दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती मागून घेतली. फाटली तर चिकटवू, म्हणाल्या. पहिली-दुसरीची पोरं चटईवर पालथी पडून चित्रं वाचायला लागली. त्यात मेंढपाळाची काजल, दुसरीतली. अक्षर येईना, पण एका शेळीच्या चित्रावरून सगळ्या वस्तीची भांडणं सांगायची.

मग वाचनाची तपासणी आली. अशा दिवशी कच्ची पोरं घरी ठेवायची आमची जुनी खोड. मी बाईंना चोरून काजलच्या आईला निरोप धाडला, दोन दिवस पोरीला पाठवू नका. साहेब खूश होऊन गेले. काजल मात्र तिसऱ्या दिवशी आली नाही, आठव्या दिवशीही नाही. सरांनाच मी नको, म्हणून हटून बसलेली. दिवाळीनंतर मेंढरं खाली सीना नदीच्या काठी निघणार होती. पोरगी त्यांच्यामागं गेली की शाळा कायमची सुटली, हे मला अन् बाईंना, दोघांनाही ठाऊक होतं.

बाई रोज शाळा सुटल्यावर पिशवीत पुस्तकं घालून वस्तीवर चालत जायच्या. मला अन्न गोड लागेना. एक दिवस फाटलेलं पान चिकटवताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "निरोप कुणी दिला असंल हो, सर?"

"काय की... पोरं कायबी सांगतात."

"बरं," म्हणाल्या अन् माझ्यापुढं चहा सरकवला.

मेंढरं निघायच्या दोन दिवस आधी काजल परतली, आजीजवळ राहिली. माझी धाकधूक मात्र दोन वर्षं गेली नाही. बाईंनी नुसतं "सर, जरा बोलायचंय" म्हटलं तरी मी घाईनं दुसराच विषय काढायचो.

तेराव्यानंतर काजलची आई शाळेत आली, बाईंच्या आठवणीनं डोळ्याला पदर लावून बसली. माझ्यानं राहवेना. म्हणालो, तो निरोप माझाच होता.

"ठावं हाय की," ती म्हणाली. "बाईनं पैल्याच दिशी इचारलं व्हतं, म्या तुमचंच नाव सांगितलं. म्हनल्या, सर सोताहून सांगतील, आपन थांबू."

मी उठून ग्रंथालयाच्या दाराशी गेलो. काजल पहिलीच्या पोरांना घेऊन बसली होती. एक पोरगं शब्दावर अडलेलं, अन् बाकीची ओठ मिटून गप्प. अडलेल्याला शब्द सांगायचा नाही, त्यानं स्वतःहून वाचेपर्यंत थांबायचं, ही बाईंचीच शिस्त. बराच वेळ गेला... शेवटी त्यानं वाचलं.

मला दोन वर्षांत जमलं नाही.