नकाशावर चालणारे सर

सर नकाशा टेबलावर कधीच पसरत नसत. लीड्सच्या विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत टेबल होतं, पण त्यावर चहाचे मग, सफरचंदं आणि कुणीतरी विसरून गेलेल्या छत्र्या असायच्या. नकाशा खाली, कार्पेटवर. मग सर बूट काढत, वाकून कागदाला हात लावत, तो कपाळाला टेकवत आणि मोज्यांनिशी नकाशावर उभे राहत. डिपार्टमेंटमध्ये कुणाला त्याचं नवल राहिलं नव्हतं. कुणी दार उघडलंच तर "सॉरी, ही'ज वॉकिंग," म्हणून हलकेच लावून घेत.

मी नागपूरहून त्यांच्या हाताखाली संशोधनाला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "ये, चाल." माझा पाय काही उचलेना. वहीला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी आपण माणसं! सर हसले. "अगं, लाथ मारायला सांगतोय का मी? लोकांच्या अंगणातून जायचंय. आधी परवानगी माग, मग बिनधास्त चाल." मी नमस्कार केला आणि एका मैदानावर जपून पाय ठेवला. "आता तू आजी आहेस," सर म्हणाले, "गुडघे दुखतायत, हातात भाजीच्या दोन पिशव्या आहेत. जा दवाखान्यात." त्यांची शिकवण्याची पद्धत ही अशी होती.

सर मूळचे साताऱ्याचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी अमेरिकेतल्या एका शहराच्या प्लॅनिंग ऑफिसात काढली. कारखाने बंद पडून अर्धं रिकामं झालेलं शहर. पुढे काकूंना, म्हणजे त्यांच्या डॉक्टर पत्नीला, लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून ते इकडे आले, पण जीव तिकडेच अडकलेला. काकू वैतागून म्हणायच्या, "ह्यांना आपली कचऱ्याची बिन कुठल्या दिवशी बाहेर ठेवायची ते अजून माहीत नाही. तिकडच्या गटाराचं टेंडर मात्र तोंडपाठ!" सर त्यावर निर्विकारपणे पोळीचा पुढचा घास घेत.

त्यांच्यापुढे 'लोक' हा शब्द उच्चारायची चोरी होती. सेमिनारमध्ये कुणी म्हणालं, "पीपल वॉन्ट मोअर पार्क्स," की सर विचारत, "व्हिच पीपल? गिव्ह मी वन नेम." मग भलेभले गडबडत. सरांकडे नाव असायचं. त्यातलं एक नाव मिसेस हेझलचं. शाळेत स्वयंपाक करून निवृत्त झालेली ही कृष्णवर्णीय बाई त्याच शहरात, हायवेला लागून असलेल्या गल्लीत भाड्याने राहत होती. दर रविवारी जेवणानंतर सर तिला फोन करत. दोघं गुडघ्यांपासून महापौरांपर्यंत सगळ्यांच्या तक्रारी करत.

तो हायवे कित्येक दशकांपूर्वी तिच्या वस्तीच्या बरोबर मधून काढलेला. अलीकडे शहराने ठरवलं, की तो पाडायचा आणि वस्ती पुन्हा जोडायची. त्यासाठी नेमलेल्या सल्लागार गटात सर होते, मी त्यांची मदतनीस होते आणि अध्यक्ष आमच्याच विद्यापीठाचे होते. जुना अन्याय दूर होणार म्हणून सगळे खुशीत. मीही होते. नकाशावर मी मिसेस हेझलच्या दारापासून दवाखान्यापर्यंत चालून दाखवलं. हायवे नसला तर चार पावलांचं काम!

"छान," सर खुर्चीतूनच म्हणाले. तोवर हृदयाच्या दुखण्याने त्यांचं चालणं थांबलं होतं. "आता तिचा घरमालक हो आणि चाल."

मी निघाले. हायवेच्या जागी बाग, झाडं, सायकलींचा रस्ता. मिसेस हेझलच्या दारात पोचले आणि थबकले.

"काय झालं?"

"सर, मी आधी भाडं वाढवीन."

सर म्हणाले, "हायवेने तिला अर्धं हाकललं. उरलेलं आपण बागेने हाकलणार."

त्यातून त्यांची अट तयार झाली. हायवेचा एक दगडही हलवायच्या आधी आजूबाजूची सरकारी जमीन रहिवाशांच्या ट्रस्टकडे द्यायची आणि आहेत त्या भाडेकरूंना घराची हमी द्यायची. हे पहिल्या टप्प्यात आलं नाही तर अहवालावर सही करायची नाही, असा त्यांनी मिसेस हेझलला फोनवर शब्द दिला. अध्यक्ष माणूस सभ्य. "आय कंप्लीटली टेक युअर पॉइंट," ते म्हणाले, "लेट्स पुट इट इन फेज टू." सर मला नंतर म्हणाले, "फेज टू येईपर्यंत ती बाई तिथे असणार नाही. मग हमी कुणाला देणार, झाडांना?"

अहवाल पुरा झाला तेव्हा सर हॉस्पिटलात होते, काकूंच्याच वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर. अध्यक्ष फुलं घेऊन आले. आयुष्यभराच्या कामाचा हा कळस आहे, त्यावर तुमचं नाव हवंच, असं मनापासून म्हणाले. ते खरंही होतं. सरांनी त्यांचे आभार मानले आणि सही केली नाही. अध्यक्ष गेल्यावर माझ्याकडे वळले. "तू मात्र कर. तुझा व्हिसा या नोकरीवर आहे. आणि आत बसून भांडायला कुणीतरी लागतंच." मला रडू आवरेना. "रडतेस काय? पाणी दे," ते म्हणाले. मी सही केली. त्यानंतरच्या आठवड्यात सर गेले.

शहराची जाहीर सभा ठरल्या दिवशी झाली, सर जाऊन जेमतेम चार दिवस झाले होते. आम्ही लीड्समधून पडद्यावर, ते लोक चर्चच्या हॉलमध्ये. अध्यक्षांनी प्रेझेंटेशन सुंदर केलं. मग मिसेस हेझल उठली. मी तिला प्रथमच पाहत होते. सरांच्या फोनवर ऐकलेल्या आवाजावरून वाटली त्यापेक्षा खूपच लहानखुरी. तिने अहवालाचं शेवटचं पान वर धरलं.

"प्रोफेसरचं नाव नाही यात. का?"

"ही वॉज अनवेल," अध्यक्ष म्हणाले. तेही खरंच होतं. त्यांनी माझा माइक बंद ठेवायची खूण केली. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात त्यांच्याच सहीने वाढणार होतं. मी माइक सुरू केला.

"त्यांनी सही करायला नकार दिला," मी म्हणाले. "तुमच्या घराची हमी पहिल्या टप्प्यात नाही, म्हणून."

हॉलमध्ये कुजबुज वाढली. कुणीतरी ती हमी काय ते वाचून दाखवा म्हणालं, मी वाचली. नगरसेवकांनी मतदान पुढे ढकललं आणि ट्रस्टची अट पहिल्या टप्प्यात घालून अहवाल परत आणायला सांगितलं. अध्यक्ष समोरच्या कागदांकडे बघत राहिले.

मिसेस हेझल अजून उभीच होती. तिने चष्मा काढून पुसला.

"रविवारी फोन नाही आला त्याचा. मला वाटलं, सही केली म्हणून लाजतोय." ती हसली. "त्याला सांग, मला कळलं म्हणून."

एवढ्या लोकांसमोर सांगायचं नव्हतं मला, पण तिला खोटंही सांगवेना. "मिसेस हेझल," मी म्हणाले, "मी तुम्हाला रविवारी फोन करते."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला समजलं. ती सावकाश खाली बसली आणि शेजारच्या बाईने तिचा हात हातात घेतला.