मुहूर्त नसेल त्या दिवशी

आमचं बॅडमिंटन लग्नाच्या मुहूर्तांवर चालायचं. भिसेगावात आमच्या घरामागे मंगल कार्यालय होतं. शाळेतले खेळाचे सर मालकाच्या हातापाया पडून ते सकाळी आमच्यासाठी उघडून घ्यायचे. मुहूर्त असला की सुट्टी, नसला की सहाला हजर! तुळशीचं लग्न लागलं की आमची तोंडं पडायची. चातुर्मासात मात्र आमची दिवाळी.

कार्यालयाचं छत बुटकं. फूल जरा उंच मारलं की थेट पंख्यात. पिसं उडायची आणि सरांचा पारा चढायचा. एरवी शुद्ध बोलणारे सर चिडले की गावच्या बोलीवर यायचे. "खाली ठेव गं फूल! तुझ्या बापाची पंख्यांची फॅक्टरी हाय का रसायनीला?" मग मी जाळीला घासून, सपाट आणि जोरात मारायला शिकले. आज जी काय आहे ती त्या छतामुळे आणि सरांच्या शिव्यांमुळे.

पुढे नोकरीसाठी फिनलंडला गेले. तिथले हॉल उंच, मुली उंच, त्यांना माझा हा बुटका खेळ झेपेचना. काही वर्षांनी तिथलं नागरिकत्व घेतलं, भारताचा पासपोर्ट परत केला आणि दुहेरीसाठी त्यांच्या संघात माझी निवड झाली. आनंद झालाच, खोटं कशाला बोलू? पण सरांना कोणत्या तोंडाने सांगणार? मी निघाले तेव्हा ते म्हणाले होते, "तुझ्या पाठीवर इंडिया लिहिलेलं बघायचंय मला." म्हणून मी फोनवर सरळ थाप मारली, की गुडघा दुखतो, खेळणं सोडलं. ज्या माणसाने मला घडवलं त्याच्याशी दोन वर्षं खोटं बोलले. लिहितानाही लाज वाटते.

यंदा डिसेंबरात घरी आले. आता सांगायचंच, असं ठरवून जर्सी चॉकलेटांच्या खाली दडवली आणि सरांकडे गेले. काकूंनी हळदकुंकू लावून नारळ-तांदळाने ओटी भरली. मग मी जर्सी काढली. सरांच्या हातात दिली.

"सर, गुडघा ठणठणीत आहे. मी खेळते. त्यांच्याकडून."

सर पाठीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. मला वाटलं, संपलं सगळं.

शेवटी काकूच म्हणाल्या, "अगं, ह्यांना कधीचं माहीत आहे. शेजारच्या पोरीने मोबाइलवर तुझी मॅच लावून दिली होती. समोर भारताची जोडी. हे उठून उभेच राहिले. मी विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूने? तर म्हणतात, गप गं, बघू दे."

ती मॅच आम्ही तिसऱ्या गेममध्ये हरलो होतो. मला रडूच कोसळलं.

"सर, रागावलात ना माझ्यावर?"

"रागवू नाय तर काय करू?" सर कडाडले. "शेवटच्या पॉइंटला फूल उंच मारलंस! वर छप्पर नाय म्हणून माजलीस? तिनं घातलंच ना मग तुझ्या पायात!"

मी रडता रडता हसत सुटले. दोन वर्षं मी पासपोर्टाची माफी कशी मागायची ते घोकत होते, आणि ह्या माणसाच्या मनात माझा तो एक पॉइंट सलत होता.

सरांनी जर्सीची नीट घडी घातली आणि माझ्या ओटीतल्या नारळावर ठेवली. मग चष्मा लावून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"उद्या मुहूर्त नाय," ते म्हणाले. "सहाला ये."