ओळख पाहू

लग्नानंतर लातूरकडून रोह्याला आले, तेव्हा माझी शाळा सहावीतच सुटलेली होती. नवरा कंपनीत शिफ्टला. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात आमची भाड्याची खोली, आणि शेजारी शाळेतल्या बाई. त्या आळीत फोन फक्त त्यांच्याकडे. माहेरचा फोन आला की बाई खिडकीतून हाक मारायच्या, "अगो, मामाचा फोन! ये लवकर, बिल पळतंय त्यांचं!" त्या हाकेसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. ती नसती तर मी पहिल्याच वर्षी पळून गेले असते.

बाई शाळेत गेल्या की घराची किल्ली माझ्याकडे असायची. गणपतीच्या आठवडाभर आधी, मी त्यांची फरशी पुसत असताना फोन वाजला.

"ओळखलं का गं? ओळख पाहू कोण ते."

आमच्याकडं मोठ्या माणसाला 'कोण बोलतंय' असं तोंडावर विचारत नाहीत. न ओळखणं म्हणजे अपमान. लांबच्या फोनला आवाज घोगरा येतोच. मी म्हटलं, "मामा का?"

"मग! विसरलीस वाटलं."

नाव मीच दिलं. मग सगळंच दिलं. बाई किती चांगल्या, घराची किल्लीसुद्धा माझ्याकडं असते, गणपतीची चांदी मीच घासणार आहे, बाई गुरुवारी पेणला मूर्ती आणायला जाणार. शिवाय गंमत म्हणून सांगितलं, की इथं आपला पाट आधी कारखान्यात नेऊन देतात आणि मूर्ती त्या पाटावरच घडवतात. मामा हसला. बोलायला कोणी भेटलं म्हणून मी किती खूश होते!

गुरुवारी बाई गेल्या. दुपारी फोन. "अगं, मी कामानं पेणला आलोय. कारखान्यात तुझ्या बाई भेटल्या, पाटावरची मूर्ती न्यायला आल्यात. चांदी उजळायला माझ्या ओळखीचा माणूस पाठवतोय, देऊन टाक म्हणाल्या."

पाट म्हणाला तो. लातूरच्या माणसाला पाटाचं काय ठाऊक? बाई भेटल्याशिवाय कसं कळेल? माझाच शब्द मला परत दिला, आणि मी तो पुरावा धरला.

माणूस आला. पांढरा शर्ट, हातात पिशवी. ताम्हण, निरांजनं, मुकुट, अंगठ्याएवढा उंदीर, सगळं मी मोजून दिलं. त्यानं पावती दिली. ती मला वाचता आली याचाच मला अभिमान वाटला.

बाई आल्या त्या टेम्पोतून, मांडीवर पाट, पाटावर रुमाल टाकलेला गणपती. मी दारातच विचारलं, "मामा भेटले ना?"

"कोण मामा?"

मी बोलत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाल्या, "आधी मूर्ती आत घेऊ दे. गणपती दारात असताना रडायचं नाही."

त्या वर्षी पूजा स्टीलच्या ताम्हणात झाली. पावतीवरचं दुकान पेणमध्ये कधीच नव्हतं. समोरची म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "परक्याला मामा केलान आणि चांदीचा आहेर दिलान गो हिनं!" बाई मला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. फक्त किल्ली परत मागितली, तीही हळूच, "पाहुणे येणार आहेत" म्हणून. पाहुणे गेले. किल्ली आली नाही.

दिवाळीत खिडकीतून हाक आली. बाई फोनपाशीच उभ्या राहिल्या. पूर्वी स्वयंपाकघरात निघून जायच्या.

"ओळखलं का गं?"

मी म्हटलं, "आधी तुम्ही सांगा. आपल्या म्हशीचं नाव काय?"

मग मामानं म्हशीचं नाव सांगितलं. बरोबर होतं. "मामाची परीक्षा घेतीस व्हय?" म्हणाला आणि फोन ठेवला. माझी आई घसरून पडलीय, हे सांगायला त्यानं फोन केला होता. ते मला नऊ दिवसांनी पत्रातून कळलं. मामानं परत कधी फोन केला नाही.

आता लेक नव्या नंबरवरून बोलली तरी मी आधी गप्प राहते. ती चिडते, "अगं आई, मी आहे!"

मी म्हणते, मी म्हणजे कोण, ते सांग.