पोटातला बँड आणि शंभर किलोचा बेल्ट

पोटाला बँड बसवला की वजन झरझर उतरतं, असं मला ऑपरेशन न झालेल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. डॉक्टर एकटेच म्हणाले होते, "हळूहळू उतरेल." पण फी घेणाऱ्या माणसाचं कोण मनावर घेतं? आता वजन पावशेरानं कमी होतंय आणि किस्से किलोनं वाढतायत. कंपनीच्या बसमध्ये रोज कुणीतरी नवा ऐकवतो. तोही माझाच, आणि मलाच.

मी चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. वर्कशॉपच्या छताखालून ज्या मोठ्या क्रेन धावतात, त्यांची दुरुस्ती माझ्याकडे. म्हणजे होती. वर चढायला सेफ्टी बेल्ट लागतो आणि बेल्टवर छापलेलं असतं, शंभर किलोपर्यंत. इतकी वर्षं ते कुणी वाचलं नव्हतं. नव्या सेफ्टी ऑफिसर देसाई मॅडमनी वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच दिवशी मी खाली स्टोअरमध्ये नटबोल्ट वाटायला बसलो. शंभरच्या आत आलो तर पुन्हा वर, नाहीतर रिटायर होईपर्यंत तिथंच.

एवढ्यासाठी ऑपरेशन केलं, राव. बारीक दिसायची हौस असती तर लग्नाआधीच केलं असतं.

•

बँड एकदा बसवला की संपलं, असं नसतं. मधूनमधून डॉक्टर सुईनं त्यात पाणी भरून तो थोडा आवळतात. पहिल्यांदा आवळून कामावर आलो, तर आमचा माने गेटवरच थांबलेला. माने म्हणजे क्रेनवरचा माझा जोडीदार, परभणीचा, अंगानं काडी.

"किती टॉर्क लावला?" नट किती जोरानं आवळला हे विचारतात, तसं त्यानं विचारलं.

म्हटलं, "टॉर्क नसतो रे. डॉक्टर अंदाज घेऊन आवळतात."

"अंदाजानं? कॅलिब्रेशन नाही काही?" माने हादरलाच. "अन् तू पोट दिलंस त्यायच्या हातात?"

दुपारपर्यंत अख्ख्या मेंटेनन्सला कळलं, की चिंचवडचा डॉक्टर अंदाजानं नट आवळतो. दोघांनी मला गॅरंटी कार्ड मागितलं.

•

तीन महिने झाले तरी वजन म्हणावं तसं हलेना. तेव्हा आमच्या लोकांनी, मला न विचारता, त्याचं 'व्हाय-व्हाय' केलं. मशीन बंद पडलं की पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण शोधायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. बोर्डावर माझं नाव, खाली प्रश्न.

वजन का उतरत नाही? खाणं होतं म्हणून. खाणं का होतं? डबा येतो म्हणून. डबा का येतो? बायको देते म्हणून. बायको का देते? लग्न झालं म्हणून. लग्न का झालं? इथं सगळे थांबले, कारण त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

खाली उपाय लिहिला होता: "बदलणे शक्य नाही. निरीक्षणाखाली ठेवणे." घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मीही तेच करतेय."

•

डबा बंद करून कँटीनला जेवायला लागलो. बँडमुळे घास बत्तीस वेळा चावायचा, आणि चार घासांत पोट भरतं. भोंगा वाजायचा तेव्हा माझी अर्धी पोळी ताटातच असायची. रोज भरलेलं ताट परत.

आता आमच्याकडे भरलं ताट परत गेलं की त्याचा अर्थ एकच, जेवणावर बहिष्कार. गेल्या वेळी त्यावरून कंपनी अर्धा दिवस बंद होती. चौथ्या दिवशी एचआरचे साहेब घाम पुसत माझ्या टेबलावर आले. "काय मागणी आहे? डाळ पातळ आहे का?"

मी तोंडात घास असल्यामुळे काही बोललो नाही. साहेबांना वाटलं, मौन धरलंय. दुसऱ्या दिवशी पनीर आणि गुलाबजाम.

मला दोन्ही चालत नाहीत. बाकीच्यांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "भावा, असाच बारीक होत राहा."

•

आई रहाटणीला भावाकडे असते. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला पातळच घ्या. हे आईनं ऐकलं आणि धरून ठेवलं. प्रत्येक रविवारी माझ्यापुढे बासुंदी.

"आई, हे चालत नाही."

"का? पातळच हाय की. चमच्यातनं गळतंय बघ."

दोन महिने गळत होती. पातळ पदार्थाला बँड अडवत नाही, हे आईला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. त्या दोन महिन्यांत वजनाचा काटा उलटा गेला. खरं सांगतो, कंपनीच्या मेडिकल रूममध्ये वजन करून बाहेर आलो तेव्हा मला रडू आलं. वरून क्रेन जात होती, तिच्यावर माने होता, आणि मी हातात वॉशरची पिशवी घेऊन खाली उभा होतो.

•

गेल्या सोमवारी काटा शंभरच्या जरा खाली थांबला. मी दोनदा उतरून पुन्हा चढलो. तेवढाच.

बेल्ट घातला, टूल बॅग खांद्याला लावली आणि शिडीपाशी गेलो. देसाई मॅडम तिथं उभ्या होत्या. बॅगेकडे बघून म्हणाल्या, "शंभर किलो म्हणजे माणूस आणि सामान धरून."

बॅग सहज आठ किलोची. माझ्या स्पीडनं आठ किलो म्हणजे पुढची दिवाळी. माने काहीतरी बोलायला गेला, मी त्याला थांबवलं. बॅग काढून खाली ठेवली.

"टूलशिवाय वर जाऊन काय करणार तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम. बघून येतो नुसतं. वर्ष झालं."

मॅडमनी माझ्या बेल्टचा हुक ओढून पाहिला. एकदा, मग पुन्हा एकदा. मग मानेकडे वळल्या.

"ह्यांच्यासोबत वर जा. आज क्रेनचं इन्स्पेक्शन आहे."