पलीकडच्या शेतातली माती

आम्ही नेवासा तालुक्यातली ख्रिस्ती माणसं. पणजोबांच्या वेळी मिशनकडे आलेलं घर. जन्मभर बायबल ऐकल्यामुळे आमच्या आईला नगर शहरापेक्षा यरुशलेम जवळचं वाटायचं. तिथे आज कोण राहतं, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिच्या लेखी तो येशूचा देश, बस्स.

पुण्याला कॉलेजात असताना माझा खोलीतला जोडीदार पॅलेस्टिनी होता. बेथलेहेमजवळच्या निर्वासितांच्या छावणीत वाढलेला, मुसलमान. एका नाताळात त्याला मी गावी घेऊन आलो. बेथलेहेमचा पाहुणा आला म्हटल्यावर चर्च नुसतं भरून गेलं. म्हाताऱ्या बायका त्याच्या हाताला हात लावून तो आपल्या डोळ्यांना लावत होत्या. पोरगा लाजून चूर. हा आपल्यातला नाही, मुसलमान आहे, असं मी आईला दोनदा सांगून पाहिलं.

"असू दे की," आई म्हणाली. "पाय तर त्याच मातीवर ठिवलेत ना त्यानं."

निघताना त्याने आईच्या हातावर एक कापडी पिशवी ठेवली. आत दोनेक मुठी तांबूस माती होती. अठ्ठेचाळीसच्या लढाईत त्याच्या वडिलांचं गाव सुटलं, तेव्हा ते सहा वर्षांचे होते. ते गाव आता इस्रायलमध्ये. पुढे कधीतरी एकदाच परवाना मिळाला, तेव्हा ते जाऊन आपल्या शेतातली माती घेऊन आले. मुलगा परदेशी निघाला तशी ती सगळी त्याच्या हवाली केली, विसरू नकोस म्हणून. आणि या शहाण्याने ती माझ्या आईला देऊन टाकली. तिचे भरलेले डोळे पाहून त्याला राहवलं नसावं. मी तेव्हाच अडवायला हवं होतं, पण मला उलट अभिमान वाटला.

आमच्यात पुरताना प्रत्येक जण मूठमाती देतो. तेव्हापासून वाडीत कोणी गेलं की आई पिशवी घेऊन जायची आणि कबरीत चिमूटभर पवित्र भूमीची माती सोडायची. माणसं आजारपणातच तिला सांगून ठेवू लागली, "मावशी, लई न्हाई, आमच्यापुरती चिमूटभर ठिवा." अशी ती कितीतरी कबरींत गेली. ती कोणाच्या तरी शेतातली आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा उरलेली माती मी तिच्यावर झटकली आणि रिकामी पिशवीही आत सोडली.

गेल्या वर्षी मित्राचा फोन आला. युद्ध सुरू झाल्यापासून त्याचा आवाज खोल गेला होता. गाझातली त्याची मावशी घरासकट गाडली गेली होती. आता वडील अंथरुणाला खिळले होते.

"ते सारखी ती माती मागतात," तो म्हणाला. "माझ्या कबरीत घाला म्हणतात. मी जपून ठेवलीय असंच त्यांना सांगत आलोय. आईकडची थोडी उरली असेल ना?"

मी खरं ते सांगितलं. त्याने फोन ठेवून दिला.

माझी धाकटी बहीण नर्सिंग शिकलेली. आठ वर्षांपासून ती इस्रायलमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. मित्राकडून कॉलेजात ऐकलेलं त्या गावाचं नाव मी तिला कळवलं, तिथली मूठभर माती मिळते का बघ म्हणून. ती ज्या आजींकडे राहते, त्या म्हणाल्या, हे तर आमच्याच वस्तीचं जुनं नाव. त्यांची संत्र्यांची बाग त्याच जमिनीवर होती. नेमकं तेच शेत का, देव जाणे. पण मित्राच्या वडिलांनी वर्णन केलेली दगडी विहीर त्यांच्या कुंपणाच्या आत होती.

या आजी मूळच्या बगदादच्या. यहुदी म्हणून तिथून निघावं लागलं तेव्हा दहा वर्षांच्या होत्या, अंगावरच्या कपड्यांनिशी आल्या. कित्येक वर्षं तंबूत काढली. नवऱ्याबरोबर धोंडे वेचून ती जमीन कसली. ऑक्टोबरातल्या हल्ल्यात त्यांचा नातू मारला गेला, त्याला बागेपासून हाकेच्या अंतरावर पुरलंय. बहिणीने माती मागितली, तेव्हा आजी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "देते. पण त्या म्हाताऱ्याला म्हणावं, माझ्याकडे माग. तुझ्या शेतातली दे, असं म्हण. माझ्या आईची कबर बगदादला राहिली. तिथली माती हवी का, असं मला आजवर कोणी विचारलं नाही."

मी फोन लावला. मित्र औषधं आणायला गेला होता, वडिलांनीच उचलला. ते छावणीतल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे आम्ही थेट बोलू शकत होतो. तेही मास्तर, मीही मास्तर. जुनी माती उरली नसल्याचं, आजींच्या बागेचं, त्यांच्या नातवाचं सगळं मी त्यांना सांगितलं, आणि मग आजींचा निरोप जसाच्या तसा, एक शब्द खाल्ला नाही.

त्यांना धाप लागत होती. "माझीच माती, आणि ती मी तिची म्हणून मागू?" ते म्हणाले. "विहीर माझ्या आजोबांनी खणली. तिला सांग, तिच्या नातवाला माझ्या शेतात पुरलंय, तरी मी काही बोललो नाही."

हेही मी जसंच्या तसं बहिणीला सांगितलं. तिने आजींना सांगितलं. आजी उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आमचे वडील वाडीतली भांडणं मिटवायचे. बांधावरून तंडणाऱ्या दोन भावांत निरोप नेताना निम्मं ते वाटेतच गिळून टाकायचे, उरलेलं गोड करून सांगायचे. मला याची लहानपणी चीड यायची. आपला बाप खोटं बोलतो, असं वाटायचं. मी ठरवून सरळ माणूस झालो आणि त्याचा मला लई गर्व होता.

चर्चबाहेर लोक मला विचारतात, "मास्तर, तुमी सांगा. आपली लोकं जिंकतायत ना?" आपली म्हणजे कोणती, असं ओरडून विचारावंसं वाटतं. टीव्हीवर रोज शांततेवर चर्चा चालते, या देशाने काय करावं आणि त्या देशाने काय. माझ्या हातात दोनच माणसं होती, दोन्ही पिकली पानं, आणि मधे मूठभर माती. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही.

तीन आठवड्यांनी मित्राचे वडील गेले. त्याचा फोन आला तो मूठमाती देऊन झाल्यावर. आधी तो नुसता रडला. मग म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस? मी मागितली असती. तिची म्हण म्हटलं असतं तर तिची म्हणून मागितली असती, शंभरदा. वडिलांना कळलंही नसतं."

मी बहिणीला बातमी कळवली. तिने ती आजींना सांगितली. तेव्हा कळलं की माती त्यांनी बहिणीने मागितली त्याच दिवशी भरून ठेवली होती, दाराजवळ, झाकणाच्या डब्यात, आणि रोज संध्याकाळी बहिणीला विचारत होत्या, त्याचा फोन आला का म्हणून.

"मग त्याला कुठल्या मातीत पुरलं?" आजींनी विचारलं.

"छावणीतल्या," बहिणीने सांगितलं.

त्या दिवशी आजी जेवल्या नाहीत. हे सगळं बहिणीने मला फोनवर सांगितलं.

"दादा," ती म्हणाली, "चिडलेली, म्हातारी माणसं होती रे ती. त्यांचं बोलणं असं सगळंच्या सगळं पोचवायचं असतं का?"