पंचफुलाची बाटली

भाऊरावांनी बायकोच्या फोटोवरचा हार उतरवला, त्या दिवशी पंचफुलाला जाऊन वर्ष झालं होतं. पुण्यानुमोदनासाठी रामाकोना गावातली माणसं जमली होती, भंतेजींना आणायला गाडीही निघाली होती. भाऊराव अंगणात आले आणि म्हणाले, "कार्यक्रम नाही होत. जित्या माणसाचं काय पुण्यानुमोदन करता?"

माणसं एकेक करून निघून गेली. चहासुद्धा कोणी घेतला नाही.

आता चूक कोणाची म्हणाल, तर त्यांच्या लेकीची. सुप्रिया शिकलेली, नागपूरच्या प्रयोगशाळेत बायोकेमिस्ट, डॉक्टरेट मिळवलेली. आणि शिकलेल्या माणसाची चूक साधीसुधी नसते, ती आठ-आठ वर्षं पुरते.

भाऊराव सौंसर नगरपालिकेत नळाचं पाणी सोडायच्या कामावर होते. पंचफुला कापूस वेचायची, संत्र्याच्या हंगामात बागेत फळं निवडायला बसायची. तिची एक खोड होती. बसमध्ये सीट मिळाली तरी ती कडेला अर्धीच बसायची, निम्मं अंग वाटेत. येणाऱ्याला जागा हवी ना! सुप्रिया शाळेत असताना यावरून चिडायची. "नीट बस ना वं माय, तिकीट पुरं काढलं ना?" पंचफुला हसायची आणि म्हातारं माणूस चढलं की सगळ्यांच्या आधी उठून उभी राहायची.

लेक नागपूरला गेली आणि कॅन्सरच्या औषधांत शिरली. ही औषधं नेहमीची नव्हेत. नेहमीची म्हणजे अख्ख्या वावरावर फवारा, तण जळतं आणि कपाशीची पऱ्हाटीही होरपळते. सुप्रियाचं औषध तण ओळखून त्यालाच धरणारं. पेशीत एक ठरावीक बिघाड असेल तरच ते तिथे जाऊन बसतं, नाहीतर मुकाट पुढे जातं. ती या कामात बुडालेली असतानाच पंचफुलाला धाप लागायला लागली. जन्मात विडीला हात न लावलेली बाई, आणि रोग निघाला फुप्फुसात. छातीत साचलेलं पाणी डॉक्टरांनी काढलं, तेव्हा सुप्रियाने त्यातलं थोडं संशोधनासाठी मागितलं. पंचफुलाने प्रौढवर्गात शिकलेली सही केली आणि म्हणाली, "माह्या पाण्याचा कोणाले उपेग होत असन तं ने."

त्यानंतर तेविसाव्या दिवशी ती गेली. पाण्यातल्या पेशी मात्र बाटलीत तळाला चिकटल्या आणि वाढू लागल्या.

भाऊरावांनी अन्न सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी सुप्रियाला राहवलं नाही. ती त्यांच्यासमोर ताट ठेवून म्हणाली, "बाबा, मायच्या पेशी जित्या हायेत. नागपूरले बाटलीत वाढून राहिल्या." बापाने दोन घास खावेत, एवढाच तिचा हेतू होता. भाऊरावांनी ताट ओढलं आणि भाकरी मोडली.

मग ते रोज फोनवर विचारू लागले, "जेवली का तुही माय?"

दर तिसऱ्या दिवशी बाटलीतलं जुनं लाल पाणी काढून नवं घालायचं असतं, पेशींचं खाणं तेच. सुप्रिया म्हणायची, "हो, जेवली." रविवारी ती घरी आली की भाऊराव तीन ताटं मांडायचे. सोमवारी सकाळी नागपूरच्या बसमध्ये बसवताना ते तिच्या हातात दोन डबे द्यायचे, आणि दुसरा कोणासाठी हे तिने कधी विचारलं नाही. शेजारची वत्सला एकदा दारातूनच कुजबुजली, "पंचफुलाले सांगजो वं, तिची पितळेची परात माह्यापाशी हाये. आली की देतो." तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. पोरीबाळी त्या घरावरून जाताना आवाज खाली करू लागल्या. कोणीतरी भाऊरावांना बाधा उतरवायला जामसांवलीच्या मारुतीला नेऊन आणा म्हणून सुचवलं. "आपण तिकडं जात नाही, आन् मले झालं काय?" म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

झालं होतं ते सुप्रियाला. आधी ती नुसती हो म्हणायची, मग तिलाही ते खरं वाटू लागलं. पेशी ठेवायच्या कपाटात माणसाच्या अंगाएवढीच ऊब राखलेली असते. दार उघडलं की ओली, उबदार हवा तोंडावर यायची, शेजारी झोपलेल्याच्या श्वासासारखी. आसपास कोणी नसलं की ती बाटलीशी बोलायची, बाबा काय म्हणाले ते सांगायची. घरून परतलेल्या सोमवारी पेशी हिशेबापेक्षा जास्त वाढलेल्या दिसायच्या. तिने तीनदा मोजून पाहिलं, आणि चौथ्यांदा मोजायची तिला भीती वाटली. द्रवरूप नायट्रोजनच्या पिंपात त्याच पेशींच्या गोठवलेल्या कुप्याही होत्या, पण ते नमुने. आई म्हणजे ही एक बाटली.

आठव्या वर्षी प्रयोगशाळेचं नवं औषध तयार झालं. पंचफुलाच्या पेशीतला बिघाड दुर्मीळ, आणि हे औषध नेमकं त्याच बिघाडासाठी बनवलेलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "हे माणसांपर्यंत जायचं की कपाटात, ते तुझ्या पेशींवर आहे." सुप्रियाने सांगितलं, पेशींची तब्येत या आठवड्यात बरी नाही. पुढच्या आठवड्यातही तेच सांगितलं. असे दोन महिने गेले. ज्या औषधासाठी तिने उमेदीची वर्षं घातली, ते लागू पडेल याचीच तिला धास्ती बसली होती.

दिवाळीनंतर भाऊराव म्हणाले, "आठ वर्सं झाली. मले एकदा दाखव तं खरी."

तिने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावला. दोन दिवसांची वाढ दोन मिनिटांत धावते, असं चित्रण करून रविवारी घरी आणलं. भाऊरावांनी चष्मा पुसला, फोटोतल्या पंचफुलाकडे एकदा पाहिलं आणि मोबाइल हातात धरला. पेशी सरपटत होत्या. फुगत होत्या, एकीच्या दोन होत होत्या. जागा संपली तरी थांबत नव्हत्या, शेजारणीला रेटत होत्या, तिच्या अंगावर चढत होत्या आणि वरून आणखी एक चढत होती. भाऊरावांनी ते दोनदा पाहिलं. मोबाइल त्यांनी पालथा ठेवला.

"हे तुही माय नव्हे."

"बाबा, तिच्याच अंगातल्या—"

"तुही माय जन्मात कोणाले लोटत नव्हती," भाऊराव म्हणाले. "हे तिले खाणारं हाये. आठ वर्सं आपण कोणाले जेवू घालून राहिलो, सुप्रिया?"

पेशी अशा एकमेकींवर का चढतात, हे तिने विद्यार्थ्यांना शंभरदा शिकवलं होतं. निरोगी पेशी शेजारणीला टेकली की थांबते, कॅन्सरची थांबत नाही. पहिल्या तासाचा धडा. आणि तिसरं ताट तिच्यासमोर वाढलेलं होतं. तिला त्या ताटाची शिसारी आली, आणि शिसारी आली म्हणून स्वतःची लाज वाटली.

सोमवारी तिने औषध घातलं. मॅडमना हवे होते ते आकडे त्याच पेशी पेरलेल्या छोट्या ताटल्यांतून निघाले, आणि चांगले निघाले. तिने ते आणखी एका ठिकाणी घातलं, त्या बाटलीत.

गुरुवारी दुपारी तिने बाटली भिंगाखाली धरली. पेशी तळ सोडून पाण्यावर तरंगत होत्या, गोल, मेलेल्या. तिने कोपऱ्यापर्यंत बाटली सरकवली आणि चिकटून राहिलेल्या मोजल्या. सात उरल्या होत्या. कोणी कोणाला खेटत नव्हती. अगदी काठाला सरकून, मधली सगळी जागा मोकळी सोडून त्या बसल्या होत्या.

औषधातून वाचलेल्या पेशी अशाच मुकाट बसतात आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बाटली भरून टाकतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी तिचा हात ब्लीचच्या डब्याकडे जाईना. तिने घरी फोन लावला.

"संपलं का, बाई?" भाऊरावांनी विचारलं.

"सात उरल्या, बाबा. कडेले बसून हायेत. मायसारख्या."

पलीकडे भाऊरावांनी पंखा बंद केल्याचं ऐकू आलं.

"थे असती," भाऊराव सावकाश म्हणाले, "तं सगळ्याइच्या आधी उठली असती. कोणी उठ म्हणायच्या आधी. हे तिचं सोंग घेऊन राहिलं, पोरी. टाक."

तिने ब्लीच ओतलं. लाल पाणी फिकं होत होत पांढरं पडलं.

"टाकलं, बाबा."

"बरं केलं. मी सौंसरले जातो, हार घेऊन येतो. आन् वत्सलेले सांगतो, परात तुह्यापाशीच ठेव म्हणून."

फोन ठेवला आणि सुप्रिया तिथेच स्टुलावर बसून आईसाठी रडली, आठ वर्षांत पहिल्यांदा.