मामाचं सुरक्षित अंतर

माझ्या मामाला ट्रकने भिंतीशी चिरडलं, आणि कागदावर चूक मामाचीच आहे.

आज वर्ष झालं.

अंबडच्या एका कंपनीत तो ठेकेदाराकडून लागला होता. माल उतरवायला ट्रक रिव्हर्स आला की मागे उभं राहून ओरडायचं, "येऊ दे, येऊ दे... बस!"

ड्रायव्हरला आरशात दिसेल अशाच जागी उभं राहावं लागतं. म्हणजे ट्रक आणि भिंत यांच्या मधे.

इंजिनिअरिंगची चार वर्षं मी त्याच्याकडेच राहिले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट.

फायनल इयरचा प्रोजेक्ट होता अल्ट्रासोनिक सेन्सरने अंतर मोजण्याचा. कॉलेजातली किट कपाटात कुलूपबंद, म्हणून सगळं सिम्युलेशन. मायक्रोकंट्रोलर, वायरी, सेन्सर, सगळं लॅपटॉपच्या स्क्रीनवर.

मामाला दाखवलं. आवाज जातो, आपटून परत येतो, किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. शंभर सेंटिमीटरच्या आत काही आलं की बझर.

"म्हंजी हाळी द्यायची न् ती परत यायची वाट बघायची."

सातवी शिकलेला माणूस. एका वाक्यात सांगून मोकळा.

"आन् ह्यो हिरवा गोळा कोण?"

"अडथळा. समज, तू."

"मंग लांब सरकव ना मला, बाई!"

मी माऊसने सरकवला. बझर थांबला. आम्ही खूप हसलो.

मग तो हळूच म्हणाला, "आमच्या गाड्यांना बसवता येईल का गं असलं? नवीन पोरं लय जोरात येत्यात."

"हे नुसतं सिम्युलेशन आहे मामा. परीक्षा होऊ दे, खरं बनवते."

परीक्षा झाली. पैकीच्या पैकी मार्क पडले. ती फाइल मी परत उघडली नाही.

दोनच महिन्यांनी तो गेला.

आठ दिवसांनी कंपनीचे साहेब घरी आले. इंग्रजी कागद, खाली मामीच्या सहीची जागा.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. मामींना समजावून सांगा. फॉर्मॅलिटी आहे."

लिहिलं होतं, मयताने सुरक्षित अंतर राखलं नाही.

मी मामीला मराठीत सांगितलं. इंग्रजी येतं याची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मामी एवढंच म्हणाली, "सरकणार कुठं होता तो? मागं भिंत ना."

मी विचारलं, "ट्रकला सेन्सर का नव्हता?"

"ट्रक ट्रान्सपोर्टरचा आहे, मॅडम."

"आणि मामा?"

"ते ठेकेदाराचे."

"भिंत तरी तुमचीच ना?"

साहेबांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले.

नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळपासून 'काळाने घाला घातला' असं येतंय. कृपा करून ते लिहू नका. काळ रिव्हर्समधे येत नाही. ट्रक आला होता. आणि ज्यांनी तो थांबवायची सोय करायला हवी होती त्यांनी केली नाही, त्यात मीही आहे.

कंपनीचे साहेब अजून फोन करतात. मामीने सही केलेली नाही. मी करू देणार नाही.

मामा, तुझी चूक नव्हती.

नमस्कार करते.